बत्तीस बोरची जुनी काडतुसं: बेळगाव सीमाभागातल्या परवानाधारकांसाठी

खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात परवान्याचं हत्यार म्हटलं की बाराबोरच डोळ्यासमोर येते. रानडुकरं उसात शिरतात, जांबोटी-कणकुंबीकडे गवे आणि अस्वलं, त्यामुळे पीक राखणीच्या बंदुका गावोगाव आहेत. रिव्हॉल्वर किंवा पिस्तूलवाले त्या मानाने थोडे. कुणी निवृत्त फौजी, कुणी रोकड घेऊन फिरणारा व्यापारी, तर कुणाच्या कपाटात बेळगाव मुंबई राज्यात होतं तेव्हापासूनचं आजोबांचं वेब्ली, म्हणजे इंग्रजी बनावटीचं रिव्हॉल्वर. हा लेख या थोड्यांसाठी आणि त्यांच्या बत्तीस बोरच्या, म्हणजे साधारण .३२ इंच व्यासाच्या नळीच्या, काडतुसांबद्दल आहे. परवाना हातात आहे किंवा मिळायच्या बेतात आहे, आणि आता काडतूस कोणतं, कसं ओळखायचं, कसं सांभाळायचं, एवढाच यातला विषय. शेतातल्या डुकरासाठी रिव्हॉल्वर मागणाऱ्याने मात्र इथेच थांबावं. त्या कामाला ते हत्यारच नव्हे.

आधी यादीतून काय वगळायचं

इंटरनेटवर शोधलं की नऊ मिलिमीटर, पॉइंट पंचेचाळीस आणि .३८ स्पेशल हीच नावं पुढे येतात. ती येणारच. नऊ मिलिमीटरचं काडतूस जर्मनीत गेओर्ग लुगरने १९०२ च्या सुमारास आणलं. पॉइंट पंचेचाळीस ऑटो हे अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगचं, १९०५ च्या आसपासचं. .३८ स्पेशल त्याहूनही थोडं जुनं. सव्वाशे वर्षांच्या घरातली ही काडतुसं आजही जगभर स्वसंरक्षणासाठी पहिल्या पसंतीची आहेत. १९८६ मध्ये मायामीत झालेल्या गोळीबारात एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर त्या संस्थेने नऊ मिलिमीटर अपुरं ठरवलं, आधी दहा मिलिमीटर आणि मग १९९० मध्ये आलेलं पॉइंट चाळीस धरलं, आणि गेल्या दशकात पुन्हा नऊ मिलिमीटरवरच आली. मधल्या काळात गोळीची घडण सुधारली होती, आणि धक्का कमी असला की नेम लवकर जमतो हेही मान्य झालं होतं.

हे सगळं वाचायला छान, पण आपल्या कामाचं नाही. शस्त्र नियमांच्या अनुसूचीनुसार .३८० आणि .४५५ ची रिमवाली, म्हणजे बुडाला कडा असलेली, लष्करी काडतुसं किंवा लष्करी नऊ मिलिमीटरचं काडतूस ज्यात बसतं आणि उडतं, ते पिस्तूल वा रिव्हॉल्वर निषिद्ध बोरच्या प्रवर्गात जातं. त्याचा परवाना जिल्ह्याच्या पातळीवर मिळत नाही. सरकारचा हिशेब सरळ आहे: फौजेची गोळी बाजारातल्या हत्यारात बसता कामा नये. इंग्रजांचाही हिशेब हाच होता. तेव्हा दुकानदाराने किंवा एखाद्या पाहुण्याने ‘नाइन एमएमचं बघू की, ओळख आहे’ असं म्हटलं तर विषय तिथेच संपवावा.

उरतं काय? व्यवहारात तीन काडतुसं. सरावासाठी .२२ लाँग रायफल, जे १८८७ पासून चालत आलंय. रिव्हॉल्वरसाठी .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं. पिस्तुलासाठी .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल), म्हणजेच ७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग, १८९९ चं. गंमत अशी की कायद्याने आपल्या पदरात टाकलेली ही काडतुसं नावाजलेल्या नऊ मिलिमीटर आणि पॉइंट पंचेचाळीसपेक्षाही जुनी आहेत.

दोन बत्तीस, दोन जाती

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

स्मिथ अँड वेसन लाँग हे रिव्हॉल्वरचं काडतूस. बुडाला बाहेर आलेली कडा असते, तिच्यावर ते सिलिंडरमध्ये, म्हणजे रिव्हॉल्वरच्या फिरत्या नळकांड्यात, टेकतं. टोकासकट लांबी साधारण साडेबत्तीस मिलिमीटर, त्यातला पितळी खोका साडेतेवीसच्या आत-बाहेर. गोळी शिशाची, गोल टोकाची, ९८ ग्रेन म्हणजे जवळपास साडेसहा ग्रॅम. वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्याआधी न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त होते. त्यांनी आपल्या शिपायांना याच काडतुसाचं कोल्ट रिव्हॉल्वर दिलं. फक्त कोल्टवाल्यांना प्रतिस्पर्ध्याचं नाव आपल्या नळीवर नको होतं, म्हणून त्यांनी त्याला ‘न्यू पोलीस’ म्हटलं. जुन्या कोल्टवर .३२ न्यू पोलीस दिसलं तर काडतूस हेच.

एसीपी हे पिस्तुलाचं. लांबी जेमतेम पंचवीस मिलिमीटर, बुडाची कडा अगदी नावापुरती बाहेर. गोळीवर तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, वजन ७१ ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या थोडं वर, वेग २७५ मीटरच्या घरात. गोळी हलकी पण वेगवान, त्यामुळे ताकदीत ती लाँगच्या किंचित पुढेच जाते: लाँग दीडशे ज्यूलच्या आसपास, एसीपी पावणेदोनशेच्या. तुलनेला सांगायचं तर साधं नऊ मिलिमीटर साडेचारशेच्या पुढे असतं. आकडे लपवण्यात अर्थ नाही, बत्तीस दुबळंच आहे. पण आकड्याने माणूस वाचत नाही, गोळी लागण्याच्या जागी लागली तर वाचतो, आणि बत्तीसचा धक्का इतका कमी की साठीतला माणूसही दुसरी गोळी त्याच जागी टाकू शकतो. मी बत्तीसच्या बाजूने आहे तो यासाठी, नाइलाज म्हणून नव्हे.

आता धोक्याचं. काही रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये एसीपीचं काडतूस शिरतं आणि त्या बारीक कडेवर टेकतंही. ‘बसतंय की, उडव’ असं म्हणणारे भेटतील. एसीपीचा कमाल दाब लाँगपेक्षा बराच वर, साधारण पंधरा हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) जागी साडेवीस हजार. शंभर वर्षांच्या वेब्लीला किंवा बिजागरीतून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरला हा दाब सोसायला सांगू नये.

तिसरं एक भावंड आहे: .३२ स्मिथ अँड वेसन, ‘लाँग’ हा शब्द नसलेलं, १८७८ चं. ते आखूड असतं. लाँगच्या सिलिंडरमध्ये ते बसतं आणि उडतं, त्यात धोका नाही. उलटं मात्र होत नाही. आजोबांचं रिव्हॉल्वर आखूड काडतुसाचं असेल तर लाँगचं टोक सिलिंडरच्या बाहेर राहील किंवा ते आत शिरणारच नाही. जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नका.

तर कृती अशी. हत्यार रिकामं करा, स्वतः बघा, दुसऱ्याला दाखवा. नळीच्या बाजूला कोरलेलं पूर्ण वाचा. नुसतं ‘.३२’ वाचून थांबू नका, पुढचे शब्द महत्त्वाचे. मग परवान्यावरची नोंद बघा. तिथे बहुधा ‘.३२ बोर रिव्हॉल्वर’ एवढंच असतं, म्हणून परवान्यावरून काडतूस ठरवता येत नाही. शेवटी काडतुसाचा बुडखा बघा. पितळावर ‘केएफ’ ही रोमन अक्षरं दिसली तर ते खडकीचं, पुण्याच्या दारूगोळा कारखान्यातलं. हा कारखाना १८६९ पासून आहे. अक्षरं पुसट झाली असतील तर फूटपट्टी लावा. साडेबत्तीस आणि पंचवीस यांत गफलत व्हायची शक्यता नाही. आणि कोरलेलं काहीच वाचता येत नसेल, तर हत्यार परवानाधारक आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या. अंदाजाने बार काढू नका.

हत्यार घेणार असाल तर

देशी रिव्हॉल्वर म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं. जुनी बनावट वरून मोडून उघडणारी, मजबूत, जड ट्रिगरची. २०१४ मध्ये हलक्या मिश्रधातूचं ‘निर्भीक’ आलं, तेव्हा ते महिलांसाठी म्हणून गाजवलं गेलं. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं, त्याचा सिलिंडर बाजूला उघडतो. पिस्तूल घ्यायचं तर बंगालमधल्या ऑर्डनन्स कारखान्यांचं .३२, त्यातलं ‘अशनी’ लोकांना नावाने माहीत असतं. २०२१ मध्ये या कारखान्यांचं ऑर्डनन्स बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. हत्यारं एका कंपनीकडे, दारूगोळा दुसरीकडे. बिलावर नवीन नाव दिसलं म्हणून दचकू नका.

रिव्हॉल्वर की पिस्तूल? महिनोन् महिने पेटीत पडून राहणाऱ्या हत्याराला रिव्हॉल्वर बरं. गोळी नाही उडाली तर पुन्हा ट्रिगर ओढा, पुढची समोर येते. पिस्तुलात गोळ्या जास्त आणि खिशाला ते चपटं, पण नियमित सराव हवा. शिवाय एसीपीची ती अर्धवट कडा मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीत, कुरापत काढते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे अडकली की दोन्ही एकमेकांत गुंततात आणि पिस्तूल तिथेच थांबतं. आखूड, पोकळ टोकाच्या गोळ्यांनी हे जास्त होतं, कारण त्यांना मॅगझिनमध्ये पुढेमागे सरकायला जागा मिळते. भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला नीट टेकवा आणि वरच्याची कडा खालच्याच्या पुढे आहे ना ते पाहा.

गोळी कोणती

पोकळ टोकाच्या गोळीचं कौतुक बत्तीसला लागू पडत नाही. ती फुलायला वेग लागतो, आणि लाँगच्या २१५ मीटरमध्ये तो नाही. न फुलता ती साध्या गोळीसारखीच वागते, फुललीच तर खोल जात नाही. अमेरिकेतल्या चाचण्यांमध्ये जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच जाणारी गोळी योग्य मानतात. बत्तीसमध्ये तेवढं गाठायला साधी गोळीच हवी. म्हणजे पिस्तुलात पूर्ण आवरणाची आणि रिव्हॉल्वरमध्ये खडकीची गोल टोकाची. आयात केलेली वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची लक्ष्यवेधाची गोळी, मिळाली तर तीही चांगली. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत लाँगचं हेच रूप वापरतात, कागदाला स्वच्छ भोक पाडते. दोष एकच: सपाट तोंडामुळे घाईत सिलिंडर भरताना ती भोकात पटकन शिरत नाही.

आपल्याकडच्या घरांचाही विचार करा. गावात मधली भिंत कित्येकदा कुडाची नाहीतर पत्र्याची, आणि पलीकडे जनावरं किंवा झोपलेली माणसं. बत्तीसची साधी गोळीही पत्रा सहज पार करते. रात्री कोणत्या दिशेला बार काढता येईल आणि कोणत्या दिशेला कधीच नाही, हे दिवसाउजेडी घरात फिरून ठरवून ठेवा. हे काडतूस निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

विकत आणल्यावर पहिलं काम

पेटी आणली आणि कपाटात टाकली, असं करू नका. परवान्यावर दुकानदाराने नोंद केली का, आकडा बरोबर आहे का, ते तिथेच दुकानात तपासा. घरी एकेक काडतूस उजेडात बघा. टोपी, म्हणजे बुडाची मधली कॅप, बाहेर आलेली नको. खोक्याला भेग नको. गोळी हाताने हलता कामा नये. मग रेंजवर त्याच लॉटमधली, म्हणजे एकाच खेपेची, थोडी उडवून बघा. काडतुसांची मर्यादा आणि किंमत बघता जीवावर येतं, पण न उडवलेल्या लॉटवर विसंबू नका.

रेंजवर दोन प्रसंग नक्की ओळखता आले पाहिजेत. पहिला, ट्रिगर ओढला आणि नुसतंच ‘टक्’ झालं. नळी समोरच धरून तीस सेकंद थांबा. कधीकधी दारू उशिरा पेट घेते. लगेच सिलिंडर उघडून डोळा लावणं हा आचरटपणा आहे. दुसरा प्रसंग जास्त वाईट: आवाज झाला पण फुसका, धक्का जाणवलाच नाही. थांबा. पुढची गोळी उडवू नका. लाँगचा दाब मुळात कमी, त्यात दारू ओलसर असली तर शिशाची गोळी नळीतच अडकून बसते. मागून दुसरी आली की नळी फुगते किंवा फाटते. हत्यार रिकामं करा, मागून उजेड दाखवून नळी बघा. अडकली असेल तर ती आर्मररनेच काढायची.

घरच्या घरी सरावाला खोटी काडतुसं, म्हणजे स्नॅप कॅप, वापरा. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत. भिंतीवर खूण करून पाच-सात मीटरवरून जड ट्रिगर न हलता ओढायचा, एवढंच. कपाट ते दार यापेक्षा मोठं अंतर तुमच्या कामाचं नाही. मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सदस्यत्व मिळत असेल तर .२२ वर हात बसवा, मग बत्तीस सोपं वाटतं.

पावसाळा, चामडं आणि खंडेनवमी

आमगाव-कणकुंबीचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला दमट हवा समजावून सांगायची गरज नाही. जून ते सप्टेंबर काडतुसं हवाबंद डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या मधूनमधून बदला. चामड्याच्या पट्ट्यात खोचून काडतुसं महिनोन् महिने ठेवायची फौजी सवय सोडा. चामडं कमावताना वापरलेल्या द्रव्यांमुळे पितळावर हिरवा चिकट थर चढतो, आणि असं काडतूस सिलिंडरमध्ये अडकतं. पट्टा मिरवायला ठीक, साठवायला नाही.

तेलाचं वेगळं. हत्याराला तेल हवं, काडतुसाला अजिबात नको. तेल पातळ असतं, ते टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि बार मरतो. खंडेनवमीला शस्त्रपूजेत नेमकं हेच होतं: रिव्हॉल्वर तेलाने चकाकवायचं, काडतुसंही ताटात मांडायची, वरून हळद-कुंकू, अक्षता आणि पाण्याचे थेंब. पूजा जरूर करा, पण रिकाम्या हत्याराची. काडतुसं पेटीतच राहू द्या. पूजेनंतर सिलिंडरची भोकं कोरड्या कापडाने पुसा, कुंकू तेलात मिसळलं की त्याची पेस्ट होते. आणि उत्साहात हवेत बार नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात इतरांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दर दसऱ्याला हत्यारातली जुनी काडतुसं सरावासाठी काढा आणि नवीन भरा. वर्षाचा हिशेब लक्षात राहायला सणासारखी सोय नाही.

सीमेवरचा कागद

आपल्या भागात एक अडचण धारवाडच्या किंवा पुण्याच्या माणसाला येत नाही. निपाणीच्या माणसाचं कागलला रोजचं जाणं-येणं, बेळगावच्या पश्चिमेकडल्या गावांची सोयरीक चंदगडात, आणि चोर्ल्याच्या घाटातून उतरलं की गोवा. परवाना मात्र ज्या क्षेत्रापुरता दिलाय तेवढ्यापुरताच चालतो. त्यावर फक्त कर्नाटक लिहिलं असेल तर कोगनोळीचा नाका ओलांडताना कमरेचं रिव्हॉल्वर बेकायदा होतं, मग तुमचं शेत का पलीकडे असेना. अर्ज करतानाच क्षेत्राचा मुद्दा कारणासहित लिहा: पलीकडची शेती, व्यापार, कागदपत्रं जोडून. नंतर वाढवून घेणं जास्त कटकटीचं. शहरातल्यांनी आधी आपला पत्ता पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो का ते पाहावं आणि अर्ज कुठे द्यायचा ते विचारून घ्यावं. बाकीच्यांनी डीसी ऑफिस, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय. कागद कन्नडमध्ये आला तर सही करण्याआधी जाणकाराकडून वाचून घ्या, विशेषतः बोर, क्षेत्र आणि काडतुसांची संख्या हे तीन रकाने. कोडगूच्या कोडवांना शस्त्र कायद्यात सूट आहे, म्हणून ‘कर्नाटकात चालतं’ असं कुणी सांगेल. ती सूट आपल्याला नाही.

निवडणुका आल्या की हत्यार ठाण्यात जमा करायचा आदेश येतो. काडतुसं मोजून द्या, पावतीवर हत्याराचा नंबर आणि काडतुसांचा आकडा दोन्ही लिहून घ्या. ठाण्याच्या खोलीतल्या दमट हवेतून परत आलेली काडतुसं पुन्हा उजेडात तपासा. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. तिसरं वारशाने आलं तरी हिशेब दोनचाच.

बार काढण्याचा हक्क कुठवर

भारतीय न्याय संहितेतली कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची. जीव जाण्याचा किंवा गंभीर दुखापतीचा खरा धोका असेल तर हा हक्क समोरच्याच्या मृत्यूपर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायला, किंवा पोलिसांकडे जायला वेळ असताना, तो मिळत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी बचाव ठरवणं वकिलाला फार जड जाईल. बांधाच्या भांडणात रिव्हॉल्वर नुसतं दाखवलं तरी गुन्हा आणि परवाना दोन्ही गळ्याशी येतात. प्रसंग घडलाच तर स्वतः ११२ ला फोन करा, जागा जशीच्या तशी ठेवा, रिकामी खोकी उचलू नका.

जुनी काडतुसं आणि आजोबांचं हत्यार

घर आवरताना माळ्यावर हिरवट पडलेली, कोणत्या बोरची हे न कळणारी काडतुसं सापडतात. ती जाळात टाकू नका, विहिरीत टाकू नका, आणि चुलतभावाला ‘तुझ्याकडे लागतील’ म्हणून देऊ तर मुळीच नका. परवान्याशिवाय काडतूस जवळ असणं हाही गुन्हाच. लेखी अर्ज देऊन ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करा आणि पोच घ्या.

हत्याराचं म्हणाल तर मालक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयात असतानाच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो, २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी तरतूद आहे. मालक गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे सोपं, कारण तोपर्यंत कोणतं काडतूस, कोणता लॉट, ट्रिगर कुठे अडतो, हे सांगणारा माणूस समोर बसलेला असतो. अर्जासोबत वारसाला शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल, ते आधी करून ठेवा. बाकीच्या वारसांची लेखी संमतीही आत्ताच घ्या. मालक गेलाच तर हत्यार कुणाच्या नावे होईपर्यंत ते वारसाने घरात ठेवायचं नसतं, दुकानदाराकडे किंवा ठाण्यात जमा राहतं.